ॲमेझॉनकाठच्या गावात स्वयंसेवक म्हणून जाताना: निघण्यापासून परतेपर्यंत

पेरू देशाच्या लोरेतो प्रांतात मारान्योन आणि उकायाली या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढच्या प्रवाहाला ॲमेझॉन म्हणतात. या संगमाच्या वरच्या अंगाला, मारान्योनच्या काठी एका गावात मी स्वयंसेवक म्हणून राहिले. शाळेत आणि गावच्या आरोग्यसेवकाच्या हाताखाली काम होतं. तिकडे जायला निघालेल्या मराठी मुलामुलींचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून सगळं एका ठिकाणी क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. अशा गावात पाहुणा आला की त्याचं खाणंपिणं, त्याचं आजारपण, त्याला होडीतून नेणं-आणणं हे सगळं गावावर पडतं. खालच्या जवळजवळ सगळ्या सूचना हा भार कमी करण्यासाठी आहेत. मदतीचं पुढे बघता येईल.

१. गाव नक्की कुठे आहे ते समजून घ्या

लोरेतोची राजधानी इकितोस. लाखो वस्तीचं हे शहर, पण देशाच्या इतर भागातून तिथे रस्ता जात नाही. लिमाहून विमानाने सुमारे दोन तास लागतात, नाहीतर युरिमाग्वास किंवा पुकाल्पा इथून बोटीने काही दिवस. इकितोसपासून एकच मोठा रस्ता निघतो, तो सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउता गावापर्यंत. त्यापुढे नदी हाच रस्ता.

संस्थेला गाव 'किती किलोमीटर' असं विचारू नका, तिकडे अंतर तासांत मोजतात. 'नाउताहून कोणत्या बोटीने, प्रवाहाच्या दिशेने की उलट, किती तास?' असं विचारा. मालवाहू लांचाने दिवसभर लागणारं अंतर रापिदो नावाची वेगवान बोट काही तासांत कापते, आणि गावकऱ्यांच्या पेके-पेकेने तेच अंतर कधीकधी मुक्काम करून जावं लागतं. पेके-पेके म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेलं छोटं इंजिन बसवलेली होडी. नाव तिच्या आवाजावरूनच पडलंय.

२. हंगाम बघून तारीख ठरवा

इथे लोक सर्वात जास्त गडबडतात, कारण आपल्या डोक्यात पावसाळा-हिवाळा-उन्हाळा बसलेला असतो. तिकडे पाऊस बाराही महिने पडतो. वर्षाचे दोन भाग नदी पाडते: क्रेसिएन्ते म्हणजे पाणी चढण्याचा काळ आणि वासियान्ते म्हणजे उतरण्याचा. पाणी साधारण एप्रिल-मेमध्ये सर्वात वर असतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास सर्वात खाली. इकितोसजवळ या दोन पातळ्यांमधला फरक सात ते दहा मीटर भरतो, म्हणजे दोन-तीन मजली इमारतीइतका.

पाणी चढलेलं असताना होडी थेट घराच्या शिडीला लागते. जंगलात दूरवर पाणी शिरतं, त्या पाण्याबरोबर मासेही झाडांमध्ये पांगतात आणि जाळ्यात कमी सापडतात. सखल भागातली शेतं बुडालेली असतात. त्यामुळे हे महिने गावाला ओढाताणीचे जातात. डास जास्त, संडासाच्या खड्ड्यात पाणी, मुलं शाळेत होडीने येतात. पाणी उतरलं की नदीकाठी गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्या गाळावर भात, कलिंगड आणि शेंगा लावतात. मासे भरपूर मिळतात. पण मग होडीपासून घरापर्यंत चिखलात कोरलेल्या पायऱ्यांची उभी चढण येते आणि तुमची बॅग कोणीतरी खांद्यावरून वर नेतं. लांचाही वाळूत रुतून बसतात, त्यामुळे पोचायचा दिवस सांगता येत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जून ते सप्टेंबरमधला काळ धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत काम करायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी टाळा, कारण पेरूत शाळा मार्च ते डिसेंबर चालते. जूनमध्ये गेलात तर २४ जूनचा सान हुआनचा सण मिळेल. त्या दिवशी घरोघरी बिहाओच्या पानात बांधून शिजवलेला भात, हुआने, असतो. आत बहुतेक कोंबडी असते.

३. संस्थेला हे प्रश्न विचारा

स्वयंसेवकाकडून भरपूर पैसे घेऊन गावात पाठवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. पैसे घेणं गैर नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च असतोच. पण त्यातलं गावात काय पोचतं ते विचारा. ज्या घरात राहणार त्या घराला आठवड्याचे किती मिळतात? तुमचं काम गावाच्या सभेने मागितलंय का? तुमच्या आधी कोण होतं आणि त्याचं काम कुठवर आलंय? आजारी पडलात तर बोट कोण आणणार आणि पेट्रोल कोणाचं? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर ती संस्था सोडा.

महिन्यापेक्षा कमी वेळ असेल तर शिकवायचं काम घेऊ नका. मुलांना तुमची सवय होते न होते तोच तुम्ही निघता, आणि त्यांचा शिक्षक पुन्हा मागच्या धड्यापासून सुरू करतो.

४. कागदपत्रं

पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत उरलेला. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या चार-पाच छायाप्रती प्लास्टिकच्या पिशवीत. त्या ठिकठिकाणी मागतात.

पेरूचा व्हिसा. भारतीयांना तो लागतो आणि दूतावास दिल्लीत आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशी मुदत असलेला व्हिसा असेल तर पर्यटकांना सूट मिळते. ही सूट तुमच्या कामाला लागू होते का, हे तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. 'स्वयंसेवा म्हणजे पर्यटनच' असं संस्था म्हणाली तरी त्यावर विसंबू नका.

पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. याबद्दल पुढे लिहिते.

विमा. दुर्गम भागातून बोटीने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते पॉलिसीत शोधून खूण करून ठेवा.

संस्थेचं स्पॅनिशमधलं पत्र: तुम्ही कोण, कोणत्या गावात, किती दिवस, कोणत्या कामासाठी. या कागदाचा सर्वात जास्त उपयोग होतो. का, ते आठव्या पायरीत कळेल.

५. लसी आणि औषधं

पीतज्वराची लस आपल्याकडे फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधी मागे लागा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. हे कार्ड येतानाही लागतं. पेरूहून येणाऱ्या माणसाकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पेरूमधल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी बहुतांश लोरेतोत सापडतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम दोन्ही प्रकारचे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या ते डॉक्टरांना विचारा. त्याच वेळी जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची रक्ततपासणी करून घ्या आणि तिचा निकाल जवळ ठेवा. व्हायवॅक्सवर प्रायमाक्वीन देतात, आणि ज्यांच्यात हे एन्झाइम कमी असतं त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. ताप आला तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी आरोग्यसेवकाला सांगा. बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतात. सरकारी केंद्रात मलेरियाची तपासणी आणि औषध मोफत आहे.

सापांपैकी 'हेर्गोन'ची भीती सर्वात जास्त, आणि ती रास्त आहे. आपल्याकडची सर्पदंशाची लस तिकडच्या सापांवर चालत नाही, त्यामुळे घरून काही नेण्यात अर्थ नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नका.

६. सामान

कमी न्या. होडीत वजन वाढलं की पेट्रोल वाढतं. घरून: लांब बाह्यांचे पातळ कपडे, डोक्याला लावायची विजेरी, रोजची औषधं, सौरऊर्जेवर चालणारा छोटा चार्जर, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मसाल्याची बंद पाकिटं. बियाणं किंवा ताजी भाजी नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पेरूतली वीज २२० व्होल्टची आहे, आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिकडे बसतो, तीन पिनांचा नाही.

इकितोसच्या बाजारात: रबरी बूट, झोळी म्हणजे हामाका, तिची दोरी, जाड कापडाची मच्छरदाणी, झाकणाची बादली, ताट-वाटी-चमचा, सामान गुंडाळायला जाड प्लास्टिक. मच्छरदाणी तिकडचीच घ्या. तिच्या घट्ट विणीच्या कापडातून बारीक माशासुद्धा आत येत नाहीत, आणि एका खोलीत सगळं कुटुंब झोपतं तिथे कपडे बदलायला तेवढाच आडोसा मिळतो.

पैसे इकितोसलाच काढा आणि सुटे करून घ्या. शंभर सोलची नोट गावात कोणी मोडू शकत नाही.

७. लांचाचा प्रवास

लांचा म्हणजे दोन-तीन मजल्यांची मालवाहू बोट: खाली केळ्यांचे घड, कोंबड्या, सिमेंट, बिअरच्या पेट्या आणि वरच्या मजल्यावर ओळीने झोळ्या. फळ्यावर 'आज' लिहिलेलं असतं, पण माल भरल्याशिवाय ती हलत नाही. सकाळीच जाऊन इंजिनापासून आणि संडासापासून लांबची जागा धरा. जेवण बोटीवर मिळतं, ताट-चमचा आपला लागतो. प्यायचं पाणी बरोबर ठेवा, कारण स्वयंपाकाला नदीचंच पाणी घेतात. मौल्यवान वस्तू झोळीत, पाठीखाली.

शेजारच्या झोळीतल्या बाईशी बोलायला सुरुवात करा. तुमच्या गावच्या धक्क्यावर बोट रात्री लागली तर बहुतेक तीच तुम्हाला उठवते.

८. उजेडात पोचा, आणि आधी सभेपुढे उभे राहा

ॲमेझॉनच्या पेरू भागात 'पेलाकारा'ची भीती खोल रुजलेली आहे. पेलाकारा म्हणजे रात्री येऊन माणसांचे चेहरे सोलणारे, अवयव नेणारे अनोळखी लोक. रबराच्या तेजीत, म्हणजे साधारण १८८० ते १९१२ या काळात, बाहेरून आलेल्यांनी इथल्या माणसांना गुलामासारखं राबवलं, कित्येकांचा जीव घेतला. हे ध्यानात घेतलं की अनोळखी माणसाचा संशय का येतो ते कळतं. म्हणून अंधार पडल्यावर न कळवता कोणत्याही गावाला होडी लावू नका, विजेरी लावून एकट्याने काठाने फिरू नका, आणि लहान मुलांना एकटं गाठून फोटो काढू नका. यात जिवाचा धोका आहे.

पोचल्या दिवशी तेनिएन्ते गोबेर्नादोर या सरकारनियुक्त गावप्रमुखाला भेटा. मूळनिवासी समाजाचं गाव असेल तर त्यांच्या प्रमुखाला आपू म्हणतात. संस्थेचं पत्र त्यांच्या हातात द्या आणि सभेत आपली ओळख करून देऊ देण्याची विनंती करा.

माझी सभा संध्याकाळी समाजघरात झाली. सौर बॅटरीवरचा एक दिवा, भिंतीला लागून बाकं, दारात मुलांची गर्दी. मी कोण, काय करणार, किती दिवस राहणार, कोणाच्या घरी जेवणार, हे सगळं सचिवाने ठरावाच्या वहीत हळूहळू लिहिलं आणि मग मोठ्याने वाचून दाखवलं. एका आजोबांनी उठून विचारलं, 'आणि आजारी पडली तर?' त्याचंही उत्तर वहीत गेलं. मग एकेक जण येऊन सही आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहून गेला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला. माझा पासपोर्ट क्रमांक शेवटी. या वहीत नाव लागल्यावर गावात तुमचा वावर अधिकृत होतो, आणि काही वाद झाला तर तीच वही उघडतात.

ओळख करून देताना 'सोय दे ला इंदिया', मी भारतातून आले, असं म्हणा. पेरूत 'इंदिओ' ही शिवी म्हणून वापरतात, तो शब्द स्वतःसाठीही वापरू नका. इंग्रजीवर काम भागेल ही आशा सोडा. निघण्याआधी सहा महिने तरी स्पॅनिश शिका.

९. पहिले दोन आठवडे

घरं लाकडी खांबांवर, जमिनीपासून उंच. पोना नावाच्या ताडाच्या पट्ट्यांची जमीन, वर झावळ्यांचं किंवा पत्र्याचं छप्पर. शिडी चढण्याआधी खालूनच 'बुएनास' म्हणून हाक द्या आणि 'पासे', म्हणजे 'या', ऐकल्यावरच चढा. वयाने मोठ्या पुरुषाच्या नावाआधी 'दोन' आणि बाईच्या नावाआधी 'दोन्या' लावून हाक मारा, बरोबरीच्याला वेसिनो किंवा वेसिना, म्हणजे शेजारी.

पाणी. पावसाचं पत्र्यावरून साठवलेलं पाणी उकळून प्या. मारान्योनच्या काठी नदीचं पाणी उकळूनही प्यायला घेऊ नका. या खोऱ्यातून तेलाची पाइपलाइन जाते आणि ती वेळोवेळी फुटली आहे. २०१४ मध्ये कुनिनिको गावाजवळ मोठी गळती झाली. उकळल्याने जंतू मरतात, तेल आणि जड धातू जात नाहीत. गावातले लोक नाइलाजाने तेच पाणी पितात, हे बघताना फार जड जातं. त्यांची लढाई समजून घ्या: कुकामा या इथल्या मूळनिवासी समाजाच्या बायकांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन २०२४ मध्ये मारान्योन नदीला स्वतःचे हक्क आहेत असा निकाल मिळवला. त्यांच्या नेत्या मारी लूस कानाकिरी यांना २०२५ चं गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळालं. कुकामांच्या श्रद्धेप्रमाणे नदीच्या तळाशीही गावं आहेत आणि बुडून गेलेली आपली माणसं तिथे राहतात. एवढं माहीत असलं की नदीबद्दल बोलताना आपोआप जीभ सांभाळली जाते.

अंघोळ. काठाला बांधलेल्या तराफ्यावर, अंगावर कपडे ठेवून, इतर बायका जातात त्या वेळी. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत न्या. गाळात काटेरी शेपटीचा रे मासा लपलेला असतो, पाय घासत गेला की तो सरकतो. पाळीच्या दिवसांत बायकांनी नदीवर जाऊ नये असं बऱ्याच घरांत मानतात, कारण बुफेओ म्हणजे गुलाबी डॉल्फिन मागे लागतो. वाद घालू नका, बादलीभर पाणी वर आणून अंघोळ करा.

जेवण. मासे, उकडलेली हिरवी केळी, युका आणि भात. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोच हा युका. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. केळी, युका, शेंगा, अंडी यांवर निभतं, पण वेगळं शिजवायला लावू नका. माशाच्या रश्श्यातलं केळं पुढ्यात आलं तर चालणार आहे का, हे भारतातच ठरवून निघा.

मासातो म्हणजे युका उकडून, कुस्करून आंबवलेलं पेय. परंपरेने बायका तो चावून आंबवतात, हल्ली काही घरांत रताळं किंवा साखर घालतात. वाटी पुढे आली की दोन्ही हातांनी घ्या, ओठाला लावा, आभार मानून परत द्या. औषध चालू असेल तर तसं सांगा, कोणी आग्रह करत नाही.

रात्री लवकर होतात. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सहाच्या सुमारास अंधार पडतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की फोन रोज लागणार नाही, आणि भारताची वेळ साडेदहा तास पुढे आहे. पाणी उतरत असताना मध्यरात्री धप्प असा मोठा आवाज येतो. नदीने काठाचा तुकडा तोडलेला असतो. घरचे लोक उठून बघतात, मग तुम्हीही उठा. कित्येक गावांना यामुळे मागे सरकावं लागलंय.

१०. कामाला हात लावताना

गावात मिंगा असते, म्हणजे आपली इरजिक: एकाच्या शेतावर सगळे राबतात, यजमान खाऊपिऊ घालतो. कामाची सुरुवात इथून करा. रान साफ करायला कोयता हातात देतील, नाहीतर युका सोलायला बसवतील. सोलायला बसा. सकाळभर तिथे बसलात की कोणाच्या पोराला ताप आहे, शिक्षक कधीपासून आलेला नाही, सौर पंप कशाने बंद पडलाय, हे सगळं न विचारता कळतं.

होडीने कुठे जायचं असेल तर पेट्रोलचे पैसे निघण्याआधी द्या, मागायला लावू नका. गावाला वस्तू द्यायची असेल तर एकट्याच्या हातात न देता सभेत द्या, वहीत नोंद होऊ द्या. औषधं स्वतः वाटू नका, आरोग्यसेवकाकडे सोपवा. डॉक्टर, बँक आणि ओळखपत्राची कामं घेऊन नौदलाची पीआस नावाची जहाजं नदीकाठच्या गावांना ठरावीक फेऱ्या करतात. नंदुरबारच्या नर्मदाकाठचा तरंगता दवाखाना पाहिलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. फेरीची तारीख माहीत करून घेऊन म्हाताऱ्यांचे आणि गरोदर बायकांचे कागद आधी लावून ठेवणं, हे स्वयंसेवकाच्या हातून होण्यासारखं खरोखर उपयोगी काम आहे.

११. परतताना

निघायच्या आठवडाभर आधी सभेत हिशोब द्या: काय झालं, काय राहिलं, वस्तू कोणाकडे आहेत. 'पुढच्या वर्षी येईन' असं तिकीट हातात नसताना म्हणू नका, तिथे ते शब्द धरून ठेवतात. बूट, बादली, मच्छरदाणी ज्या घरात राहिलात त्या घरी ठेवा.

पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत असू द्या, मोठ्या बॅगेत नको. घरी आल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला तर 'मी ॲमेझॉनमध्ये राहून आलोय' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा आणि मलेरियाची तपासणी मागून घ्या. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनी परत उठतो.